ज्याचा फ्लेक्स आधी, त्याचा खांब

बदलापुरात माणसाने काही करून दाखवलं की आधी पेढे वाटायचे की आधी फ्लेक्स लावायचा, हा प्रश्न आता कुणाला पडत नाही. फ्लेक्स आधी. पेढे संपतात, फ्लेक्स निदान वाऱ्याने फाटेपर्यंत टिकतो. पोलीस भरतीत निवड झाली, फ्लेक्स. नळाला पाणी आलं, फ्लेक्स. त्यावर पाणी आणणाऱ्यांचे इतके चेहरे, की पाण्याला जागा नाही. खरवईच्या नाक्यावर तर एकदा पित्ताशयातले खडे काढून सुखरूप घरी परतलेल्या गृहस्थांचं 'सहर्ष स्वागत' झळकलं होतं. त्याच्या खाली शुभेच्छुक म्हणून जे नाव होतं, ते शिवरामकाकांचं.

काकांना दुसऱ्याचं नाव वर टांगायची भारी हौस. स्वतःचं खाली, बारीक अक्षरांत असलं तरी पुरे. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. डबे भरायचे, झाकणं दाबायची, खोकी बांधायची. एवढ्या वर्षांत गेटजवळच्या फळ्यावर त्यांचं नाव एकदाच लागलं: कामाच्या वेळेत झोपलेले आढळल्याबद्दल ताकीद. त्यांना सोडवायला येणारा रिलीव्हर आलाच नव्हता आणि ते सलग दुसरी पाळी ओढत होते, हे मात्र फळ्यावर नव्हतं. तेव्हापासून काका म्हणत, "नाव चारचौघांत लागावं, पण चांगल्यासाठी लागावं." निवृत्त झाले, खरवईला फ्लॅट घेतला, आणि इमारतीतल्या, विहारातल्या, नाक्यावरच्या समस्त जनतेची नावं चांगल्यासाठी लावण्याचा त्यांनी जणू ठेकाच घेतला.

या कामाचा एक नियम होता. नाक्यावर मोक्याचा खांब एकच. चौदा एप्रिल जवळ आला की सगळी मंडळं त्याच खांबावर डोळा ठेवून. पण भांडण व्हायचं नाही, कारण नियम कुणी लिहिलेला नसला तरी सगळ्यांना मान्य होता: ज्याचा फ्लेक्स आधी, त्याचा खांब. मागून आलेला कितीही मोठा नेता असो, तो शेजारच्या झाडाला. या नियमाच्या जोरावर काकांनी भल्याभल्यांना झाडाला बांधलं होतं. पुढे त्यांचा जो घोळ झाला, तो याच नियमावर ठाम विश्वास ठेवल्यामुळे.

काकांची मुलगी मनाली ऐरोलीच्या एका कंपनीत चिप डिझाइन करायची. चिप म्हणजे काय असं कुणी विचारलं तर काका अंगठ्याचं नख पुढे करत. "एवढीशी. पण अख्खा मोबाइल तीच चालवते." मग अंजनाकाकूंकडे बघून, "आमच्या घरातल्यासारखंच." आठवड्यातले दोन दिवस मनाली घरून काम करी. तिच्या खोलीत भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर दिवसभर चौकोन आणि बाण उमटत, आणि संध्याकाळी ती तो स्वतःच्या हाताने पुसून काढी.

एकदा जेवताना टीव्हीवर बातमी लागली. परदेशातल्या कुठल्याशा बड्या कंपनीने न तापणाऱ्या चिपची घोषणा केली होती. मंचावर एक माणूस बोटाच्या चिमटीत चिप धरून उभा, आणि समोरचं पब्लिक असं टाळ्या वाजवतंय की जणू त्याला मुलगा झाला. मनालीचा घास हातातच राहिला.

"यांची झाली पण तयार?" काकांनी विचारलं.

"कसली तयार, पप्पा! बाजारात यायला अजून वर्ष जाईल. पण आधी सांगून मोकळं व्हायचं. मग गिऱ्हाईक आपल्यासाठी थांबतं, दुसऱ्याचे शेअर पडतात. या धंद्यात अर्धी मारामारी घोषणेचीच."

"आणि उरलेली अर्धी?"

"पेटंटची. आम्ही पण याच्यावरच डोकं फोडतोय ना इतके दिवस. आणि आमचं त्यांच्यापेक्षा भारी आहे."

मग ती रंगात आली. ताटातल्या भाकरीचे चार तुकडे करून तिने काकांना समजावलं. चिपमध्ये असे कामकरी भाग असतात. एक तापला की फोन सगळ्यांनाच हळू करतो. मनालीच्या टीमने काय केलं, तर कुठला भाग तापणार हे त्याच्या शेजाऱ्यांच्या तापण्यावरून आधीच ओळखायचं, आणि तो तापायच्या आत त्याचं काम गार भागाकडे सरकवायचं.

"म्हणजे रिलीव्हर!" काका म्हणाले.

"हां, रिलीव्हर. पण माणूस दमायच्या आधीच हजर होणारा."

"असा आमच्या खात्यात एक पण नव्हता." काकांनी पाणी प्यायलं. "पण मग हे तुमचं की त्या टीव्हीवाल्याचं?"

"ज्याचा अर्ज आधी, त्याचं. आधी सुचलं कुणाला, त्याला कोण विचारतो? मी पुढच्या आठवड्यात बंगळूरला त्याच्यासाठीच चाललेय. बाहेर कुठे बोलू नका हां पप्पा."

काकांनी मान डोलावली. चिपचं त्यांना थोडंफार कळलं होतं, पण हे शेवटचं तर पक्कं कळलं. जो आधी, त्याचं. यात न कळण्यासारखं काय आहे? आयुष्यभर खांब काय उगाच अडवले?

बाहेर बोलायचं नव्हतं, आणि काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी छापलं.

मनाली बंगळूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी फळा पुसायच्या आधीच आंघोळीला गेली. काका तिच्या खोलीत गेले आणि फळ्याचा फोटो काढला. हात जरा हलला म्हणून दुसरा काढला. मनात थोडं चोरट्यासारखं झालं, नाही असं नाही. पण पोरगी परत येईल, रिक्षातून नाक्यावर उतरेल आणि मान वर करून बघेल, या चित्रापुढे ते थोडं मिटून गेलं. शिवाय त्या टीव्हीवाल्याच्या आधी आपला लागला पाहिजे. उशीर झाला तर पोरीला झाडाला लटकावं लागेल.

ती गेल्यावर काका शेअर रिक्षा बदलत उल्हासनगर गाठून कॅम्प तीनला मधुच्या दुकानात पोहोचले. मधु सिंधी. वडलांचा जीन्सवर छाप मारायचा कारखाना, तो बंद करून त्याने फ्लेक्सचं मशीन टाकलं होतं. काकांचे सगळे फ्लेक्स त्याच्याकडचेच.

"बोलो काका, आज किसका बड्डे?"

"बड्डे नाही रे. आपल्या मनालीचा. तिने चिप काढली."

"आपली मनाली? छोटी थी तो इधर स्टुलावर बसून पेप्सी चोखायची, वो?" मधुने खुर्ची पुढे ओढली. "साईं, ये तो फ्री में छापूँगा. पैसे का नाम नहीं लेने का."

एरवी काकांचा मजकूर तयार असे: हार्दिक अभिनंदन, वर फोटो, खाली शुभेच्छुक. पण या खेपेला त्यांना वाटलं, नुसतं अभिनंदन बघून लोकांना काय कळणार? दहावी पास झाली असं वाटेल. शोध काय लावला ते लोकांना कळलं पाहिजे. म्हणून त्यांनी बसून मजकूर सांगितला आणि मधुने टाइप केला: 'शेजाऱ्याचा ताप ओळखून, स्वतः तापण्याआधीच काम दुसऱ्याकडे सोपवणारी चिप शोधून काढल्याबद्दल आमची लाडकी मनाली हिचे हार्दिक अभिनंदन! परदेशी कंपन्यांच्या आधी, बदलापूरची बाजी!'

"आणि हे चित्र," काका म्हणाले आणि फोन पुढे केला.

मधुने फोटो मोठा करून बघितला. "ये डालना है? ऑफिस का दिखता है काका."

"टाक रे. तिचंच आहे."

रविवारी सकाळी मोक्याच्या खांबावर मनाली झळकली. एका बाजूला ती पदवीच्या टोपीत, दुसऱ्या बाजूला चौकोन आणि बाण, एक एक आकडा वाचता येईल असे. मधुच्या मशीनची छपाईच तशी स्वच्छ. शेजारचे दिनानाथ दूध घेऊन येता येता थांबले. दिनानाथ म्हणजे इमारतीच्या ग्रुपवर रोज सुविचार टाकणारे गृहस्थ.

"शिवरामराव, शेजाऱ्याचा ताप म्हणजे माझ्याबद्दल लिहिलंय का?"

"तुमच्याबद्दल लिहायला एवढा फ्लेक्स पुरेल का?" काका म्हणाले, आणि दोघे हसले. दिनानाथांनी फ्लेक्ससोबत सेल्फी काढून ग्रुपवर टाकला. दिवसभर अंगठे आणि हार येत राहिले. काकांना त्या दिवशी दोनदा भूक लागली.

सोमवारी दुपारी मनालीचा फोन आला. आवाज दमलेला पण खुशीत. बुधवारी अर्ज जाणार. तिचं नाव त्यात शोधकर्ती म्हणून.

"मग आता सांगायला हरकत नाही ना लोकांना?" काकांनी अंदाज घेतला.

"अहो पप्पा, नाही! बुधवारपर्यंत एका माणसालाही कळता कामा नये. अर्जाच्या आधी उघड झालं ना, की ते सगळ्यांचं झालं. मग आपला हक्कच राहत नाही."

"म्हणजे आधी जाहीर केलं तर..."

"तर गेलं. हेच तर आहे. समोरच्या कंपन्या नुसतं हेच शोधायला माणसं ठेवतात. कुठे भाषण दिलं होतं का, कुठे चित्र लावलं होतं का. सापडलं की पेटंट पाडायचं."

काकांनी फोन ठेवला तो उलटा. काकू म्हणाल्या, "काय म्हणाली?" काका चपला घालून बाहेर पडले होते.

खांबावर चढून त्यांनी स्वतःच दोऱ्या कापल्या. खालून रिक्षावाले विचारत होते, "काय काका, एवढ्यात? बोली लागली का खांबाची?" काकांनी फ्लेक्सची गुंडाळी केली. मनालीचा चेहरा आत गेला, चौकोनही आत गेले. घरी आणून ती गुंडाळी त्यांनी पलंगाखाली सरकवली आणि मधुला फोन लावला. मधुने दुकानाच्या पेजवर तोच फ्लेक्स कौतुकाने टाकला होता. 'अपनी बच्ची, अपना कैंप,' असं लिहून.

"डिलीट करू? एक मिनट का काम है काका. पण झालं काय?"

"काही नाही. कर तू."

मग दिनानाथ. दिनानाथ म्हणाले, "काढतो की. पण मी तर तो भाच्यालाही पाठवला, तो पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याने त्याच्या मित्रांना पाठवला म्हणे. कौतुक हो, शिवरामराव!"

काका घरी येऊन बसले. खांबाचा नियम इथे उलटा होता. ज्याचा फ्लेक्स आधी, त्याचा खांब गेला. पण फ्लेक्स उतरला होता, पेज पुसलं होतं. एका दिवसाचं तर होतं. खरवईच्या नाक्यावर कोण परदेशी माणूस येतो बघायला? असं त्यांनी मनाला सांगून पाहिलं. मन म्हणालं, पुण्याचा भाचा.

मंगळवारी काकूंनी केर काढताना गुंडाळी पाहिली. "हा एवढ्यात उतरवला?"

"वाऱ्याने फाटत होता."

"वारा कुठाय?" काकू म्हणाल्या. काकांनी पेपर उघडला. काकूंनी गुंडाळी होती तिथेच राहू दिली.

संध्याकाळी पुन्हा मनालीचा फोन. "पप्पा, उद्या सही करायचीय की हे बाहेर कुठेही गेलेलं नाही. आमचे वकील विनीत सर खोदून खोदून विचारत होते, घरी कुणाला माहीत आहे का. मी खरं सांगितलं, वडलांना वरवर माहितीये. ते म्हणाले, खात्री आहे ना? मी म्हटलं, माझे पप्पा आहेत सर. त्यांना सांगितलेली गोष्ट त्यांच्यातच राहते."

काकांना वाटलं, फोन तापलाय. फोन नव्हता तापला, कान तापला होता.

"मनाली," ते म्हणाले, "सही करू नको."

आणि त्यांनी सांगितलं. फ्लेक्स, नाका, दिनानाथ, भाचा.  फळ्याचा फोटो तेवढा सांगायचा राहिला. एवढ्या कबुलीनंतर शेवटी त्यांची जीभ घसरलीच. मनाली अगदी हळू म्हणाली, "पण चित्र? ते चौकोन तुमच्याकडे आले कुठून?" आणि काका म्हणाले, "ते त्या मधुने टाकलं परस्पर. तू कधीतरी त्याला काही पाठवलं असशील."

"मी? मधुअंकलना?" मनाली म्हणाली. मग म्हणाली, "सकाळी फोन हाताशी ठेवा. सर बोलतील."

मंगळवारची रात्र काकांनी कशी काढली ते काकूंना विचारा. त्यांनी दोनदा उठून पाणी दिलं आणि एकदाही कारण विचारलं नाही.

सकाळी फोनच्या पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात विनीत सर, चष्मा आणि अगदी सरळ भांग. दुसऱ्यात मनाली. तिचे डोळे सुजले होते आणि ती काकांकडे न बघता खाली कुठेतरी बघत होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"नमस्कार काका. घाबरू नका," विनीत सर म्हणाले. "मी तुम्हाला आधी साधं चित्र सांगतो. अमेरिकेत शोध लावणाऱ्याला अशा वेळी वर्षभराची सवलत मिळते, तिथे वाचू. युरोप बहुतेक गेला. आपल्याकडे एक वाट आहे. शोध लावणाऱ्याकडून, त्याच्या संमतीशिवाय घेऊन कुणी तो उघड केला असेल, आणि कळल्याबरोबर अर्ज टाकला असेल, तर हक्क टिकू शकतो. म्हणून मला एकच पक्कं हवंय. मनालीच्या संमतीशिवाय ते चित्र घेतलं कुणी?"

काकांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"मनाली म्हणतेय, तो प्रिंटर. मधु. तसं असेल तर सोपं आहे. त्याला आजच नोटीस काढतो. त्याच्यावर चोरीचा ठपका येईल, पण आपलं काम होईल."

खरोखरच सोपं होतं. पोरीचं पेटंट वाचणार होतं, आणि काकांचं तोंडही. मधुने पैसे घेतले नव्हते. 'ऑफिस का दिखता है,' असं तोच म्हणाला होता, आणि त्याच्या दुकानात आता काळ्या कोटातल्या माणसाची नोटीस जाणार होती. काकांनी मनालीच्या चौकोनाकडे बघितलं. ती अजून खालीच बघत होती.

"मधुने नाही," काका म्हणाले. "मी घेतलं."

विनीत सर पुढे झुकले. "तिने दाखवलं होतं का तुम्हाला? फोटो काढा म्हणाली होती?"

"नाही. ती आंघोळीला गेली होती. मी तिच्या खोलीत गेलो. दोन काढले, एक हलला होता. तिने बाहेर बोलू नका म्हणून सांगितलं होतं. मधु पण म्हणाला, हे ऑफिसचं दिसतंय. मीच टाक म्हटलं. काल संध्याकाळी तिच्याशी खोटं बोललो मी."

"उत्तम!" विनीत सर म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन चष्मा सारखा केला. "म्हणजे, कायद्याच्या दृष्टीने उत्तम. हे असंच लेखी द्याल ना? तुमच्या सहीने? मुलीला न विचारता, चोरून घेतलं असं."

"देतो."

"'चोरून' लिहू ना?"

"लिहा," काका म्हणाले. "दुसरा शब्द आहे का त्याला?"

मनालीने तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. काकांना वाटलं, ती आता काहीतरी बोलेल, रागावेल तरी. तिने बटण दाबलं आणि तिचा चौकोन काळा झाला.

अर्ज त्याच दिवशी गेला. इथला आणि अमेरिकेचा. युरोपचा वगळला, आणि तो कुणामुळे वगळला हे कंपनीत सगळ्यांना कळलं. मनालीचं नाव अर्जावर राहिलं. घरून काम करण्याची सवलत मात्र बंद झाली. ती शुक्रवारी परत आली, बॅग ठेवली, आणि भिंतीवरचा पांढरा फळा काढून ठेवला. काकांनी पेचकस आणून दिला. तिने "थँक्यू" म्हटलं. तिने काकांना थँक्यू म्हणायची ही पहिलीच वेळ होती, आणि ते त्यांना शिवीपेक्षा लागलं.

शनिवारी काका कॅम्प तीनला गेले. मधुला सगळं सांगितलं, त्याचं नाव घेतलं होतं तेसुद्धा. मधुने चालू मशीन बंद केलं. मग म्हणाला, "मेरा नाम क्यों लिया काका? दुसरं कुणाचं पण घ्यायचं होतं." चहा मागवला, पण स्वतःचा कप तसाच ठेवला.

मनाली रागात अबोला धरणारी नाही. ती बोलते. भाजीत मीठ कमी आहे म्हणते, पप्पा औषध घेतलं का म्हणते. जेवताना टीव्हीवर कुठल्या कंपनीची नवी घोषणा लागली तर मात्र ती चॅनल बदलते. एकदा काकांनी चहा नेऊन दिला तेव्हा ती लॅपटॉपवर काहीतरी बघत होती. तिने तो सावकाश, जणू सहज, मिटला. काका विचारणार होते, हल्ली कशावर काम करतेस. त्यांनी कप ठेवला आणि दार ओढून घेतलं.

परवा दिनानाथांनी जिन्यात गाठलंच. "काय शिवरामराव, तुमच्या मनालीच्या चिपचं झालं काय पुढे? पेपरात काहीच नाही. आणि आता नवीन काय काढतेय ती?"

एके काळी या प्रश्नावर काकांनी जिन्यातच अर्धा तास घेतला असता, नख पुढे करून दाखवलं असतं.

"मला माहीत नाही हो," काका म्हणाले.

"असं कसं? वडील तुम्ही!"

"नाही माहीत," काका पुन्हा म्हणाले आणि कठडा धरून वर चढू लागले. या खेपेला ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.